वानखडे मास्तरांच्या अकरा विहिरी

तुमच्या घरच्या लग्नात वरातीपुढे बाजा वाजवत चाललेल्या माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नवऱ्याच्या मामाचं असेल, घोडीवाल्याचंही कदाचित असेल. बाजेवाल्याचं नसतं. मलाही कुणाचं ठाऊक नव्हतं. तरी गेल्या वैशाखात अशाच एका बाजेवाल्यावर लेख लिहायचा म्हणून मी औरंगाबादहून निघालो. लेखाचं पहिलं वाक्य निघण्याआधीच तयार होतं आणि ते रागाचं होतं.

राग कशाचा, ते सांगतो. आमच्या अनियतकालिकाकडे एक पत्र आलं होतं. मंगरूळपीरकडचा एक बौद्ध बँड मास्तर सरकारी साहेबाच्या मागे गावोगाव फिरतो, जमीनदारांच्या विहिरींवर उभा राहतो आणि सॅक्सोफोन वाजवतो, असं त्यात होतं. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात रद्दी यायची तीही सभांची, मोर्चांची, ठरावांची. छप्पन्न सालानंतर आपल्या लोकांनी गावकीची वाजंत्री कशी टाकून दिली, हे मी अक्षरओळख झाली त्याच वर्षी वाचलं. हा माणूस तेच पुन्हा उचलतो आहे, एवढं मला पुरे होतं.

मंगरूळपीर, सोमवार

अकोल्याची एस.टी. भर दुपारी पोचली. स्टँडवरून दर्ग्याकडे जाताना सायकलच्या दुकानाला लागून पत्र्याची एक खोली आहे. दशरथ वानखडे मास्तरांचा बँड तिथे राहतो. बँड म्हणजे भिंतीवर टांगलेले दोन ढोल, एक क्लॅरिनेट, एक पितळी कर्णा आणि मास्तरांच्या मांडीवरचा सॅक्सोफोन. त्याच्या चाव्यांखाली चामड्याच्या टिकल्या असतात. त्या झिजल्या की हवा निसटते आणि सूर फाटतो. मुंबईहून टिकल्या यायला महिना लागतो, म्हणून मास्तर चपलेच्या आतलं मऊ कातडं आणून त्या स्वतःच कापतात. मी गेलो तेव्हा तेच चाललं होतं.

दारात उभं राहूनच मी विचारलं. विचारलं कसलं, भाषणच केलं. मास्तरांची कात्री थांबली नाही. "आंधी पानी पे," ते म्हणाले, "मंग भांड."

वऱ्हाडात पहिल्या भेटीतच माणसाला 'तू' म्हणतात. आमच्याकडे अनोळखी माणसाला असं म्हटलं तर अर्धा तास मानापमान चालेल. पण मला राग येण्याच्या आत तांब्या हातात आला होता, आणि उन्हातून आलेल्या माणसाला एका वेळी एकच काम जमतं.

मास्तर पन्नाशीचे, उंच, केस पलटणीतल्यासारखे बारीक. पलटणीत होतेच ते. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले, बँडमध्ये गेले, तिथे पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचायला आणि लिहायला शिकले. जबलपुरात एक रेल्वेतला वादक देश सोडून चालला होता, त्याच्याकडून हा सॅक्सोफोन घेतला. पेन्शन घेऊन परत आले आणि सहा माणसांचा बँड काढला. लग्नाला वाजवतात, पण सुपारी घेताना एक अट घालतात: बँडची माणसं पाहुण्यांच्या पंगतीत बसतील, मांडवामागे नाही. अटीपायी बरीच लग्नं जातात, असं त्यांनी मला सहज सांगितलं. जयंतीच्या मिरवणुकीत मात्र ते न मागता वाजवतात, आणि त्या दिवशी वाजवायला दरवर्षी नवी रचना बांधतात.

तरीही मी माझा मुद्दा सोडला नाही. तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली.

"पलटणीत साह्यबापुढं वाजवलं तवा कोनी काही म्हनलं नाई. इथी वाजवलं तं तुले राग आला. हात जोडून वाजवता येते का रे बाजा? दोनी हात लागते त्याले."

संध्याकाळी त्यांनी दर्ग्याच्या कमानीजवळ चहा पाजला आणि उद्या गावी चल म्हणाले.

शेलूबाजार, मंगळवार

शेलूबाजारला जीप मिळते, असं मला सांगितलं होतं. कुठली जीप कुठे जाते ते सांगितलं नव्हतं. मास्तर भाजी घ्यायला वळले तेवढ्यात मी पुढे होऊन एका जीपमध्ये जागा धरून बसलो. जीप भरली आणि सुटली, मला घेऊन, अगदी उलट दिशेला. दोन मैलांवर उतरून उन्हातून चालत परत आलो, तर मास्तर लिंबाखाली कांद्याची पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी नुसती पिशवी माझ्या हातात दिली. शेजारच्या पानवाल्याने मात्र मला विचारलं की भाऊ, मुंबईले जाऊन आले काय?

तिथून गाव अडीच कोस. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इथे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे, त्यांना तिथेच राहायचं आहे. रान काळं, भेगाळलेलं. भेगांत पावलं अडकतात. कपाशीच्या पळाट्या उपटून बांधावर रचलेल्या. हिरवं दिसलं ते फक्त संत्र्याच्या एका बागेत, आणि तिथे इंजिनाचा धडधडाट चालू होता. बाग बाबाराव पाटलांची, मास्तरांनी सांगितलं.

बागेच्या कोपऱ्यावर विहिरीच्या काठावर टोपी घातलेले एक गृहस्थ वाकून उभे होते. हेच ते सरकारी साहेब, डॉ. नाडकर्णी, भूगर्भशास्त्रज्ञ. खडक कुठे फुटका आहे, त्यात पाणी कसं मुरतं, किती काळ टिकतं, हे त्यांच्या अभ्यासाचं काम. तरुणपणी एका विहिरीत सुरुंग वेळेआधी उडाला आणि त्यांचा एक कान गेला. दुसऱ्यानेही कमीच येतं. यातच मास्तरांशी त्यांची गाठ पडण्याचं कारण आहे.

विहिरीतलं पाणी मोजायचं तर फितीला एक पोकळ बुडाचा ओळंबा बांधून खाली सोडतात. ओळंबा पाण्याला टेकला की 'डुब्' असा आवाज येतो, तिथे फीत धरायची आणि काठापासूनचं अंतर वाचायचं. ज्याला तो आवाज ऐकू येत नाही, त्याचं माप चुकतं. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं बंद पडली तेव्हा मास्तर खडी फोडायच्या कामावर होते. शेजारच्या विहिरीत नाडकर्णी ओळंबा सोडत होते. मास्तरांनी हातोडा थांबवून सांगितलं की साहेब, पाण्याला नाही लागला तो, कपारीवर बसला आहे. साहेबांनी परत सोडला. तसंच होतं. मग दुसऱ्या विहिरीला त्यांना बोलावून घेतलं, मग तिसऱ्या. दुष्काळ संपला, पाऊस झाला, आणि या दोघांनी दर महिन्याला अकरा विहिरी मोजायचं काम सुरू केलं. त्याला आता वर्ष झालं होतं.

पत्रातला मजकूर खरा होता तर. मास्तर जमीनदारांच्या विहिरींवर उभे राहत होते. बाबारावांच्या विहिरीवर पहिल्या महिन्यात ते उभे राहिले, तेव्हा त्यांची पाठ वळल्यावर बाबारावांच्या गड्याने काठ धुऊन काढला. हे ऐकून मी पेटलो. मास्तरांनी मला शांतपणे पुढचं सांगितलं. त्यांनी मागे वळून ते पाहिलं, परत आले आणि साहेबांना म्हणाले की वहीत लिहा, मापानंतर दोन बादल्या कमी झाल्या. साहेबांनी खरंच लिहिलं. मी ती वही पाहिली आहे, नोंद आहे. दुसऱ्या महिन्यात धुतलं नाही. तिसऱ्या महिन्यात बाबाराव स्वतः येऊन विचारू लागले, किती खाली गेली म्हणून.

मी ठरवून आणलेलं पहिलं वाक्य या विहिरीच्या काठावर गेलं. दुसरं काही अजून सुचलं नव्हतं.

गावात, बुधवार

मास्तरांचं घर बौद्ध वस्तीत, नाल्याच्या अलीकडे. त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनींनी ज्वारीची भाकर, पातोडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, तिखट रश्शात सोडलेल्या. मी ठेच्याला हात लावण्याआधीच घामाने भिजलो. वहिनी म्हणाल्या, "खा नं. औरंगाबादेत का गूळ घालते का तुमी सगळ्यात?" शेजारच्या बाया दारात जमून हे पाहत होत्या. त्यांची बरीच करमणूक झाली.

पाणी मात्र वहिनींनी मोजून दिलं. वस्तीला विहीर नाही. एक जुनी, ढासळलेली, गाळाने भरलेली विहीर नाल्याकाठी आहे; गाळावर पाणी दिसतं, पण घागर बुडत नाही. नाडकर्णींच्या वहीत ती चौथ्या क्रमांकाची. बाया पाण्याला जातात बाबारावांच्या बागेकडे. काठाची एकच बाजू त्यांना ठरवून दिलेली, आणि गडी दोर सोडू देईल तेव्हा पाणी. वीस वर्षं वहिनींनी हेच केलं आहे.

आता वस्तीसाठी सरकारी विहीर मंजूर झाली होती आणि जागा ठरवायला जिल्ह्याचे उपअभियंता दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. जागा दोन: नाल्याकाठी चौथ्या विहिरीशेजारी, नाहीतर बाबारावांच्या बागेच्या कोपऱ्याला. गावाचं मत दुसऱ्या जागेला होतं, कारण पावसाळ्यात बाबारावांची विहीर हाताने पाणी घेण्याइतकी भरते आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र असतं.

"तिथी झाली तं इहीर आमची म्हनतीन," वहिनी म्हणाल्या, "अन् उभं राहा त्याच्याच बांधावर. मी मरेस्तोवर."

नाडकर्णींची वही चौथ्या विहिरीच्या बाजूने होती. पण हिवाळ्यात त्यांनी आलेखाचे कागद गावापुढे पसरले होते, तेव्हा सरपंचांनी कागद उलटा धरून ही कोनाची पत्रिका म्हणून विचारलं होतं. सगळे हसले आणि उठून गेले. त्यानंतर मास्तर साहेबांना म्हणाले, कागद राहू द्या, मी वाजवून दाखवतो. प्रत्येक विहिरीचे बारा महिने, म्हणजे बारा सूर. पाणी चढलं की सूर चढतो, उतरलं की उतरतो. अशा अकरा छोट्या रचना त्यांनी बांधल्या. साहेबांना पुरतं ऐकू येत नव्हतं, तरी प्रत्येक सूर त्यांनी वहीशी ताडून घेतला.

सॅक्सोफोनला क्लॅरिनेटची जोड हवी होती. क्लॅरिनेट वाजवणारे रहीमभाई मानोऱ्याकडे लग्नाला गेले होते, ते थेट सकाळी सभेलाच येणार. त्यांच्यासाठी सूर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचे होते. मास्तर पाचरेघी लिहितात. रहीमभाईंना सा रे ग म लागतं. मी म्हणालो, मी लिहितो. अक्षर माझं छापल्यासारखं आहे. मास्तरांनी कोष्टक समजावलं: दोन हात पाण्याला एक सूर. साहेबांची वही पुढ्यात घेतली आणि दुपारभर ओट्यावर बसून अकराही विहिरी उतरवल्या. खिळे जुळवणाऱ्याचा मुलगा मी. आकडा दिसला, सूर लिहिला. आकडा कशाचा आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

शाळेच्या पडवीत, गुरुवार

सभा सकाळी आठला भरली. पुरुष पडवीत, बाया पायऱ्यांवर आणि लिंबाखाली. उपअभियंता खुर्चीवर, बाबाराव त्यांच्या शेजारी. रहीमभाई धावतपळत आले, माझा कागद घेतला, कौतुकाने अक्षर पाहिलं. बँडमधल्या ढोलवाल्याने ठोका धरला, एका महिन्याला एक. मास्तरांनी पहिली विहीर जाहीर केली, बाबारावांची, आणि दोघांनी एकदम सुरुवात केली.

ज्येष्ठाला दोघांचे सूर लांब लांब लागले, पण वाद्यं जुळवत असतील असं सगळ्यांना वाटलं. आषाढात सॅक्सोफोन वर निघाला आणि क्लॅरिनेट खाली. श्रावणात आणखी खाली. भादव्यात एक आभाळाला, एक तळाला. कार्तिकानंतर सॅक्सोफोन उतरायला लागला तसं क्लॅरिनेट किंचाळत चढलं. वैशाखापर्यंत पोचेस्तोवर अर्धी पडवी हसत होती. उपअभियंत्यांनी रुमाल तोंडाला लावला.

बाबाराव म्हणाले, "मास्तर, तुमचं दोघाईचं भांडन झालं काय?"

रहीमभाईंनी कागद उंच धरला. "जो लिखा है वही बजाया."

मग मला समजलं. वहीतले आकडे पाण्याचे नव्हतेच, काठापासून पाण्यापर्यंतच्या अंतराचे होते. विहीर आटली की आकडा वाढतो. मी वाढत्या आकड्याला चढता सूर लिहिला होता, अकराच्या अकरा विहिरींना. मास्तरांनी कागद पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. वर्षभराचं काम, वस्तीची विहीर, आणि मी ते सगळं सुवाच्य अक्षरात बुडवलं होतं. उपअभियंता घड्याळ पाहू लागले.

तेव्हा पायऱ्यांवरून सुभद्रावहिनी उठल्या. पदर सावरून त्या रहीमभाईंना म्हणाल्या की तुमचं एकट्याचं पुन्हा वाजवा. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. रहीमभाईंनी वाजवलं. वहिनी ठोक्याठोक्याला हात हलवत होत्या, एकामागे एक, ओढल्यासारखे.

"हे तं दोरी आहे," त्या म्हणाल्या. "भादव्यात आखूड, वैशाखात लांब. चुकलं कुठी? पानी मास्तर वाजवून राह्यले अन् दोरी रहीमभाई. पान्याची गोठ तुमाले समजते, दोरीची आमाले. दोनी वाजवा."

बायांमध्ये कुजबूज झाली. लिंबाखालची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली की होय, माघात दुसरा दोर जोडा लागते, तिथी तो चढला. मास्तरांनी रहीमभाईंना मानेने खुणावलं, आणि पहिली विहीर पहिल्यापासून झाली.

या वेळी कुणी हसलं नाही. पाणी खाली गेलं की दोर वर चढत होता, आणि मधलं अंतर म्हणजे बायांचे खांदे. माघापासून सॅक्सोफोन पायरी पायरी कोसळत गेला. दरवर्षी बागेचं इंजिन सुरू होतं ते त्याच महिन्यात. बाबारावांनी हे ओळखलं. ते पुढे वाकले. "माघातच बसते माही इहीर?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी तेवढे चार महिने पुन्हा वाजवले.

मग दुसरी, तिसरी. मास्तरांनी नाव सांगायच्या आत बाया नाव सांगू लागल्या: ही शाळेची, ही मारुतीजवळची. नाडकर्णींना यातलं थोडंच ऐकू येत असावं. ते वाद्यांकडे पाहतच नव्हते, बायांच्या हातांकडे पाहत होते.

चौथी मास्तरांनी शेवटी ठेवली. नाल्याकाठची, गाळाची. सॅक्सोफोन एक सूर वर गेला, खाली आला, तिथेच राहिला. क्लॅरिनेटही तसंच. अकरांत इतकी कंटाळवाणी रचना दुसरी नव्हती. वैशाखाचा ठोका पडला आणि सगळे पुढचं ऐकायला थांबले, पण पुढे काही नव्हतं.

"यात काही होतच नाई," कुणीतरी म्हणालं.

"तेच तं पाह्यजे," वहिनी म्हणाल्या. "बाराई महिने एकच दोर."

उपअभियंत्यांनी घड्याळ खिशात घातलं आणि नाडकर्णींची वही मागितली. चौथ्या विहिरीचं पान त्यांनी दोनदा वाचलं, गाळाबद्दल, खडकाबद्दल प्रश्न विचारले. मग जागेवर हात वर करायला सांगितलं. नाल्याकाठाला पायऱ्यांवरचे सगळे हात आले, पडवीतले निम्म्याहून जास्त. बाबारावांनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. जाताना गड्याला त्यांनी काहीतरी सांगितलं. दुपारी इंजिन बंद होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू झालं, हेही सांगायला हवं.

ठराव लिहून सह्या झाल्या तेव्हा मी पडवीच्या खांबाला टेकून खालीच बसलो. मास्तर बाजा पुसत जवळ आले. "पुढच्या बारीले चुकशीन तं आंधी सांगून ठेवजो," ते म्हणाले, आणि त्यांनी मला बिडी दिली. मी बिडी ओढत नाही. त्या दिवशी ओढली, आणि खोकलो, आणि फार बरं वाटलं.

नाल्याकाठी, शुक्रवार

निघण्याआधी नाडकर्णींनी चुन्याने जमिनीवर गोल आखला. खोदायला अजून अवकाश आहे. तरी सकाळी वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या, गोलाभोवती उभ्या राहिल्या आणि घरापासूनची पावलं मोजली. सुभद्रावहिनींची एकशेवीस झाली. त्यांनी परत जाऊन पुन्हा मोजली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही.

वाचकहो, तुमच्याकडे सॅक्सोफोन नसेल, शास्त्रज्ञही नसेल. पण विहीर आहे आणि दोर आहे. येत्या अमावास्येला गावातली प्रत्येक विहीर मोजा, आणि मग दर अमावास्येला. हातभर अंतरावर दोराला गाठी मारा, गाठी मोजा, आकडा चावडीच्या भिंतीवर कोळशाने लिहा. वर्षभर पुसू देऊ नका. मात्र एक करा: विहिरीवर जाताना रोज तिथे दोर ओढणाऱ्या बाईला बरोबर न्या, आणि भिंतीवर काही लिहिण्याआधी आकडा तिला वाचून दाखवा.